जुन्या ड्रमसेटचा पिवळा पडलेला पांढरा रंग परत आणता येतो का?

रामबागकर | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

तर झालं असं की रामबागेतलं आमचं जुनं घर रिकामं करायला घेतलंय (बिल्डर, चुलत भावंडं, वाटण्या, त्याचा वेगळा धागा होईल) आणि पोटमाळ्यावर गाद्यांच्या मागे काकांचा ड्रमसेट निघाला. काका सत्तरच्या दशकात इंदुरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, लग्नं, गॅदरिंगं, गणपती, मिलमधले कार्यक्रम, जे मिळेल ते. सेट प्रीमियरचा आहे, इंग्लंडचा. महूच्या कुठल्याशा क्लबातून सेकंडहँड घेतला होता एवढं घरात सगळ्यांना पाठ आहे. चार नग आहेत, २० इंची बास, १२ चा टॉम (वर बसतो तो छोटा ड्रम), १६ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा असतो तो) आणि स्नेअर (खाली तारा असतात तो). झांजा नाहीत, त्या कोणी नेल्या यावर घरात तीन मतं आहेत.

आता मुद्दा. सेटला लाकडावर पांढरी मोतिया शीट आहे, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. म्हणजे होती. आज तिचा रंग चहाच्या कपाला आतून जो चढतो ना तसा झालाय. एका टॉमची शीट जोडावर उकलून वर आलीय, क्रोमवर गंजाचे ठिपके, आणि फ्लोअर टॉमवर तळहाताएवढा गुलाबी डाग. तो डाग रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे आमच्याकडच्या रंगाच्या मिरवणुकीतला आहे, बाबा सांगायचे, ऑर्केस्ट्रा ट्रकवर चढून राजवाड्यापर्यंत वाजवत गेला होता.

मल्हारगंजातल्या एका पॉलिशवाल्याला दाखवला. तो म्हणाला शीट ओढून काढतो, लांबी भरतो, वर पीयू (चकचकीत पॉलिश रंग) मारतो, चार हजार रुपये, दोन दिवसांत आरसा. मुलाला कॉलनीच्या गणपतीत वाजवायचाय त्यामुळे घाई आहे. देऊ का? की घरी काही करता येईल?

खवय्या_५६ | सोमवार, रात्री ११:०५

शीर्षक वाचून वाटलं दात पांढरे करायचा धागा आहे. 

महूकर | मंगळवार, सकाळी ६:१०

देऊ नका. आधी हे वाचा, मग हवं तर द्या.

मी फौजेतून रिटायर, बँडवाला नाही पण बँडच्या स्टोअरचा हिशोब काही वर्षं माझ्याकडे होता, त्यामुळे प्रीमियरचे साईड ड्रम आणि बास ड्रम हाताखालून बरेच गेले. कंपनी १९२२ साली लंडनला सुरू झाली, १९४० च्या बाँबहल्ल्यात कारखाना गेला आणि मग लेस्टरला हलली. यांचं क्रोम फार चांगलं असायचं. तुम्ही गंज म्हणताय तो बऱ्याचदा वरवरचा असतो, खाली क्रोम शाबूत असतं.

पीयू मारलात की तो ड्रम पांढरा डबा झाला. ती शीट म्हणजेच त्या ड्रमचं फिनिश, खालच्या लाकडाला कंपनीने कधी दाखवण्यासारखं केलेलंच नसतं. ती एकदा ओढली की परत बसत नाही. शिवाय संग्राहक लोक मूळ फिनिश असेल तरच विचारतात, रंगवलेल्या जुन्या सेटची किंमत पडते, वाढत नाही.

आणि हो, रिंगांचे (स्किन ताणून धरणारी कडी असते ना, तिचे) स्क्रू एकमेकांत मिसळू देऊ नका. नवे आणून बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. जुन्या ब्रिटिश ड्रमचे आटे अमेरिकन ड्रमसारखे नसतात. बाजारातला स्क्रू दोन फेरे गोड फिरतो, तिसऱ्याला नटाचे आटे खातो.

रामबागकर | मंगळवार, सकाळी ९:३१

महूकरजी, मनापासून आभार. पॉलिशवाल्याला फोन करून थांबवलं, तो म्हणाला "भिया, पछताओगे". बघू.

पण मग पिवळेपणाचं काय? साबणाने जाईल का?

नवखा_ड्रमर | मंगळवार, सकाळी ११:१५

दादा जुन्या कॉम्प्युटरचं पिवळं प्लॅस्टिक लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, एकदम पांढरं होतं, व्हिडिओ आहेत. ते ट्राय करा ना

रसायनवाला_पीथमपूर | मंगळवार, दुपारी १:४०

नवख्या, थांब रे बाबा. ते प्लॅस्टिक वेगळं, हे वेगळं.

रामबागकर, आधी एक करा. टॉमची रिंग काढा, रिंगेखाली झाकली गेलेली जी शीट असते तिथे अंगठा जोरजोरात घासा, दहा-पंधरा सेकंद, आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. म्हणजे नायट्रोसेल्युलोज अधिक कापूर, १८७० च्या आसपास हायट बंधूंनी अमेरिकेत पेटंट घेतलं तोच पदार्थ, हस्तिदंताचे बिलियर्डचे चेंडू महाग पडायला लागले म्हणून पर्याय शोधताना निघाला. जुनी हार्मोनियमची पट्टी, चष्म्याच्या काड्या, टेबल टेनिसचा चेंडू सगळं हेच. टेबल टेनिसवाल्यांनी तर २०१४ पासून हळूहळू सोडलं.

आता सेल्युलॉइड असेल तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा. थिनर नाही. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर नाही. स्पिरिट नाही. काच पुसायचे निळे फवारे नाहीत. पेरॉक्साइड नाही, ऊन तर अजिबात नाही कारण पिवळं पडलंय तेच मुळात उन्हाने आणि वयाने. आणि हीटगन नाही! हे नीट पेटतं. पुण्यात २००३ साली जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग आठवते का, ती फिल्म याच कुळातली.

हे सगळं शहाणपण कुठून आलं म्हणाल तर माझ्याकडे एक जुना स्नेअर होता. बॅजच्या बाजूला स्टिकरचा चिकटा राहिला होता. पेंट शॉपमध्ये काम करणारा माणूस मी, हाताशी थिनर, बोळा भिजवला आणि घासला. चिकटा गेला. पण खालची शीट लोण्यासारखी मऊ झाली आणि मी घाबरून अंगठ्याने दाबून बघितलं. तो अंगठ्याचा ठसा आजही तिथे आहे, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. आधार कार्ड काढायला न्यावा लागेल तो ड्रम.

खवय्या_५६ | मंगळवार, दुपारी १:५२

कापूर आहे, पेटतं पण, आणि गणपतीही जवळ आलाय. आरतीला वेगळा खर्च नाही.

पुणेरी_कट्टा | मंगळवार, दुपारी २:३०

अवांतर: "गॅदरिंगं" हे अनेकवचन वाचून इंदुरी मराठीला पुन्हा एकदा दंडवत.

अबोली_ | मंगळवार, दुपारी २:४१

पुणेरी, आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारायच्या आधी पोहे-जिलबी पुढ्यात येते, व्याकरण त्यानंतर बघतो.

रामबागकरजी, माझे सासरे लाकडी फर्निचर पॉलिश करायचे, चपड्याचं हातपॉलिश. त्यांची एक सवय सांगते. कुठल्याही जुन्या वस्तूला हात लावायच्या आधी ते तिचा जो भाग कधी उजेडात आलाच नाही तो शोधायचे. खुर्ची असेल तर पालथी घालायचे, कपाटाचे कुलूप काढून खालचा चौकोन बघायचे. मूळ रंग तिथे सापडतो. तुमच्या ड्रमला ते जे पितळी किंवा स्टीलचे खांब असतात ना स्क्रू बसायचे, त्यातला एक काढून बघा खाली काय आहे.

महूकर | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

त्याला लग म्हणतात. अबोलीताईंचं अगदी बरोबर. स्किन, म्हणजे वाजवायचा पडदा, काढली की आतून दोन स्क्रू दिसतील.

रामबागकर | बुधवार, रात्री ११:४८

अपडेट. चौघांनाही दंडवत.

१२ चा टॉम उघडला. चावी नव्हती, शेजारच्या मुलाकडून आणली. स्क्रू महूकरजींनी सांगितल्याप्रमाणे वेगवेगळे ठेवायचे म्हणून बायकोचा मसाल्याचा डबा घेतला, सात वाट्या, एका लगची मंडळी एका वाटीत. बायको घरी नव्हती. आता आली आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

रिंगेखाली अंगठा घासला. कापूर! देवघरात आल्यासारखं वाटलं, खरंच.

आणि लग काढला तर खाली शीटवर लगच्या आकाराचा चौकोन, पांढराशुभ्र, आत निळसर झाक असलेल्या लाटा. मी टॉर्च तिरका धरून पाच मिनिटं नुसता बघत बसलो. त्या चौकोनाला लागूनच बाहेरचा तो चहाचा रंग. मधली रेघ पेन्सिलीने आखल्यासारखी. हा सेट असा दिसत होता हे मी कधी पाहिलंच नव्हतं, माझ्या जन्माआधीच पिवळा व्हायला लागला असणार.

आता त्या चौकोनासारखं सगळं व्हायला हवं, दुसरं काही नको. बोला काय करू.

झकास_वर्कशॉप | गुरुवार, सकाळी ८:२०

सगळे घाबरवून राहिले आहेत त्यांना. मी गाड्यांचे हेडलाईट साफ करतो, पिवळे काचेसारखे करून देतो. पद्धत तीच. वॉटर पेपर १५००, मग २०००, मग ३०००, भरपूर पाणी, मग रबिंग कंपाऊंड, मग वॅक्स. पिवळा असतो तो वरचा थर, तो उतरला की खाली पांढरा. एक टॉम अर्ध्या तासाचं काम. बाहेर अमेरिकेतले लोकही जुन्या मोतिया शीटला हेच करतात.

महूकर | गुरुवार, सकाळी ८:५५

करतात, आणि मग रडतातही. हेडलाईट चार मिलिमीटर जाड, ही शीट किती? नखाएवढी. जोडाजवळ आणि लगच्या भोकांजवळ तर आधीच तडकलेली असते.

झकास_वर्कशॉप | गुरुवार, सकाळी ९:०२

हात हलका ठेवला तर काही होत नाही. तुम्ही लोक जुनी वस्तू देव्हाऱ्यात ठेवायला बघता, पोराला वाजवायचाय तो.

रसायनवाला_पीथमपूर | गुरुवार, दुपारी १२:१०

दोघंही थोडे बरोबर आहेत. पिवळेपणा दोन प्रकारचा असतो आणि ते वेगळे करून बघितल्याशिवाय भांडण्यात अर्थ नाही.

एक, वर बसलेला. विडी-सिगरेट, उदबत्ती, स्वयंपाकघराचा धूर, तेलकट धूळ. तो साबणाच्या पाण्याने उतरतो. दुसरा, आत शिरलेला, म्हणजे पदार्थच बदललाय. तो पुसून जात नाही, कापूनच जातो, आणि किती खोल गेलाय ते कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी साबण. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, जुन्या बनियनचा तुकडा, पिळून घट्ट. पाणी जोडात किंवा लाकडाच्या कडेला जाता कामा नये, कड फुगली तर स्किन नीट बसणार नाही आणि मग सूर कधीच लागणार नाही. त्या कडेला पॉलिश पेपर तर चुकूनही नको.

चिकटा असेल तिथे लायटरमध्ये भरायचं पेट्रोल बोळ्यावर थेंबभर. ते सेल्युलॉइड विरघळवत नाही. खिडकी उघडी, गॅस बंद, बोळा नंतर बाहेर.

त्यानंतर प्लॅस्टिकचं बारीक पॉलिश, नसेल तर गाडीचं सगळ्यात सौम्य पॉलिश. मग थांबा. आठ दिवस बघा. तरीही झकास यांची पद्धत वापरायची असेल तर रिंगेखालच्या पट्टीवर, जिथे कोणाला दिसणार नाही.

वडोदेकर_तबलजी | गुरुवार, दुपारी ३:२५

विषय आवडला. आम्ही बडोद्याचे, ड्रममधलं काही कळत नाही पण डग्ग्याची हकिगत सांगतो. आजोबांचा पितळी डग्गा, एका दुकानात निकल चढवायला दिला, चकचकीत हवा म्हणून. त्यांनी आधी बफवर घासला. परत आला तेव्हा पोटावर एका कारागिराने खणलेली वेल जवळजवळ गेली होती. बोट फिरवलं तर अजून किंचित लागते, डोळ्याला दिसत नाही. वजनही हलकं वाटतं पण तो माझा भास असेल.

अबोली_ | गुरुवार, दुपारी ३:४०

वाईट वाटलं वाचून. बफवाल्याला "बस" कळत नाही.

ताशा_नंबर_१ | गुरुवार, रात्री ९:१०

आमच्या पथकात ताशे चिंचेने घासतो, लख्ख निघतात. ड्रमच्या पितळेला चालेल का

महूकर | गुरुवार, रात्री ९:३३

तुमचा ताशा उघडा तांब्या-पितळेचा, त्याला चालते. ड्रमवर पितळ दिसलं तरी बऱ्याचदा वर लॅकरचा थर असतो किंवा निकल असतं. चिंच, लिंबू, पितळ पॉलिश लावलंत तर थर ठिकठिकाणी उडून चित्ता तयार होईल. निकल क्रोमपेक्षा मऊ, त्याला तर फारच हळू.

क्रोमच्या गंजाला रामबागकरांनी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्यावी, चुरगळून गोळा, पाण्यात बुडवून हलके गोल फिरवायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ म्हणून ओरखडा येत नाही आणि गंज निघतो. काळं पाणी येईल, पुसत राहा. जिथे खड्डा पडलाय तो मात्र राहणार. नंतर वॅक्सचा हात. स्क्रू रात्रभर रॉकेलमध्ये आणि मग आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. 

खवय्या_५६ | गुरुवार, रात्री ९:४०

मसाल्याचा डबा झाला, फॉइल झाली, मशीनचं तेल झालं. रामबागकर, रात्री झोपायला कुठे जाताय?

कुंपणावरची | शुक्रवार, सकाळी १०:००

वाचनमात्र असते नेहमी, पण आमच्या माहेरीही ऑर्केस्ट्रावाले भाडेकरू होते, स्नेहलतागंजला. दुपारी तालीम चालायची. दर दोन गाण्यांनी काड्यापेटीचा आवाज. सगळे ओढायचे. तुमच्या पिवळ्या रंगात निम्मा विडी-सिगरेटचा धूर असेल बघा :)

पुणेरी_कट्टा | शुक्रवार, सकाळी १०:२२

इंदुरात संगीताचा विषय निघाला आणि अजून कोणी लताबाईंचा जन्म इथला हे सांगितलं नाही, चोवीस तास उलटून गेले.

अबोली_ | शुक्रवार, सकाळी १०:३०

१९२९, शीख मोहल्ला. समाधान? किशोरकुमार इथल्या ख्रिश्चन कॉलेजात होता तेही लिहून घ्या.

नवखा_ड्रमर | शुक्रवार, सकाळी ११:०५

आणि बीटल्सचा रिंगो आधी प्रीमियरच वाजवायचा, १९६३ ला लडविग कंपनीचा घेतला, काळा मोतिया. द हू बँडचा कीथ मून पण प्रीमियर. दादा तुमच्याकडे भारी वस्तू आहे

रामबागकर | रविवार, रात्री १०:१५

मोठं अपडेट, फोटो खाली टाकतो (तीन वेळा प्रयत्न केला, चढत नाहीयेत, शब्दांत सांगतो).

काल सकाळी गच्चीच्या जिन्यात, सावलीत, साबणाचा प्रयोग. पहिला बनियनचा तुकडा फिरवला आणि उलटून बघितला तर पिठल्याचा रंग. दुसरा तसाच. बादलीतलं पाणी बघून आई म्हणाली यात चहा कोणी ओतला. कुंपणावरचीताई, तुमचं खरं निघालं, वास चक्क विडीचा आला, ओला झाल्यावर. पन्नास वर्षांपूर्वीची तालीम नाकात शिरली हो. काका विडी नाही सिगरेट ओढायचे, म्हणजे विडी दुसऱ्या कोणाची, बहुतेक बाँगोवाल्यांची.

सात-आठ तुकड्यांनंतर तुकडा स्वच्छ यायला लागला. लगच्या चौकोनाशी ताडून बघितलं. चहाचा रंग जाऊन आता सायीचा रंग आलाय. चौकोनाएवढा पांढरा नाही. पण लाटा दिसतात! आधी दिसतच नव्हत्या.

मग लोभ सुटला. रिंगेखालच्या पट्टीवर झकासजींची पद्धत करून बघितली, फक्त ३००० चा पेपर, बोटाएवढी जागा. खरंच पांढरं आलं खाली. पण त्या बोटाएवढ्या जागेत मोतिया लाटेची एक कड पुसट झाली, म्हणजे निदान मला तसं वाटलं, बायको म्हणते तुझे डोळे तपास. थांबलो. साय तर साय.

झकास_वर्कशॉप | रविवार, रात्री १०:४०

तुमची मर्जी. पण पांढरं आलं हे लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद, नाहीतर इथे मला थापाड्या ठरवलं होतं.

महूकर | रविवार, रात्री १०:५८

थापाड्या कोणी म्हटलं नाही हो. पुढच्या वेळी महूला आलात तर चहा माझ्याकडे.

रामबागकर, उकललेल्या जोडाचं काय केलंत?

रामबागकर | रविवार, रात्री ११:२०

तेच विचारणार होतो. फेविक्विक घालू का?

रसायनवाला_पीथमपूर | रविवार, रात्री ११:२४

नाही!!! ते सुकलं की काचेसारखं कडक आणि त्या जागी शीट पांढुरकी डागाळते.

सेल्युलॉइडमधला कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो, शीट आकसते, म्हणून जोड उघडतो. त्यामुळे जिथे होती तिथपर्यंत ती आता कदाचित पोचणारच नाही, एक-दोन मिलिमीटर फट राहील, जबरदस्तीने ओढू नका, तडकेल. चपला चिकटवायचं जे पिवळं कॉन्टॅक्ट सोल्युशन असतं ते, काडीने अगदी पातळ, लाकडाला आणि शीटला दोन्हीकडे, हाताला चिकटेनासं झालं की दाबायचं. जाड थर नको, त्यातही सॉल्व्हंट आहे. वर फडकं, त्यावर लाकडी पट्टी, आणि पूर्ण ड्रमभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून दोन दिवस.

आणि सगळं झालं की प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत माळ्यावर टाकू नका. हा पदार्थ म्हातारपणी आम्लाच्या वाफा सोडतो, कोंडल्या तर स्वतःलाही खातो आणि बाजूच्या क्रोमलाही. सुती चादर, हवेशीर जागा.

रामबागकर | बुधवार, रात्री ९:५०

जोड बसला. फट राहिली, दीड मिलिमीटर, मागच्या बाजूला घेतली. ट्यूब पोराच्या सायकलची होती आणि जुनी नव्हती, असो.

आता शेवटचा प्रश्न, फ्लोअर टॉमवरचा गुलाबी डाग. साबणाने गेला नाही, पेट्रोलने गेला नाही, उलट आजूबाजूचं साफ झाल्यावर जास्त उठून दिसतोय. काढायला पेपरच लागेल. काय करू?

अबोली_ | बुधवार, रात्री १०:०२

हात लावू नका त्याला. गेरचा रंग आहे, राजवाड्यासमोरचा. असा डाग पैसे देऊन मिळत नाही.

खवय्या_५६ | बुधवार, रात्री १०:०५

+१. इंदुराचा ठसा आहे तो, राहू दे.

महूकर | बुधवार, रात्री १०:३०

माझंही मत तेच. तो डाग गेला तर सेट कुठूनही आलेला असू शकतो.

झकास_वर्कशॉप | बुधवार, रात्री १०:४४

चला, यावर माझीही सही. राहू द्या.

वडोदेकर_तबलजी | गुरुवार, सकाळी ७:१५

आमची वेल गेली. तुमचा रंग ठेवा.

रामबागकर | शनिवार, संध्याकाळी ७:४०

मंडळी, एक घोळ झालाय.

आज काकांना आणलं सेट बघायला. ८१ वर्षांचे आहेत, भंवरकुआंकडे चुलत भावाकडे राहतात, कानाला मशीन. खुर्ची दिली, सेट समोर मांडला. टॉमवर हात फिरवला, रिंगेला नख मारलं, स्नेअरची तार सैल आहे म्हणाले. मी वाट बघतोय. मग फ्लोअर टॉमकडे बघून म्हणाले, हा डाग अजून आहे का?

मी म्हटलं हो काका, मुद्दाम ठेवला, गेरमधला रंग, राजवाड्याचा.

काका म्हणाले, "कसला गेर? गेरला मी कधी माझा सेट नेला नाही, ओला करायला वेडा आहे का मी? ट्रकवर भाड्याचा होता. ते लाल औषध आहे. स्किन बदलताना बोट कापलं, तुझ्या आजीने बाटली आणली ती झाकण न लावताच वर ठेवली, पडली."

मर्क्युरोक्रोम. आपण सहा जणांनी ज्यावर सह्या केल्या तो इंदुराचा ठसा म्हणजे आजीची मर्क्युरोक्रोमची बाटली.

खवय्या_५६ | शनिवार, संध्याकाळी ७:४२

हसून हसून शेव सांडली.

पुणेरी_कट्टा | शनिवार, संध्याकाळी ७:५०

इतिहास संशोधन मंडळ बरखास्त.

रसायनवाला_पीथमपूर | शनिवार, रात्री ८:१५

मला आधीच शंका यायला हवी होती, गुलाल कधीच इतका आत जात नाही. लाल औषध हा रंगच आहे मुळात, कातडीवरून आठवडाभर जायचा नाही, आठवा लहानपणचे गुडघे. आता काय, काढताय का?

अबोली_ | शनिवार, रात्री ८:२०

माझं मत बदललेलं नाही. आजीची बाटली तर आजीची बाटली.

रामबागकर | शनिवार, रात्री ९:०५

काकांनाच विचारलं काढू का. म्हणाले, "काढायचा तर काढ, पण आधी स्नेअरची तार घट्ट कर." मग पोराला बसवलं आणि काका खुर्चीतून मांडीवर ताल धरून त्याला शिकवत होते, दीड तास. डागाचं कोणी नावच काढलं नाही. 

तर डाग आहे. रंग सायीचा. खर्च एकूण: पॉलिशची बाटली, सोल्युशन, एक सायकलची ट्यूब आणि मसाल्याचा नवा डबा.

आता फक्त बासचं पायडल चुं चुं करतंय, मशीनचं तेल घातलं तरी जात नाही. काय घालू?

महूकर | शनिवार, रात्री ९:१२

तेल जास्त झालं असेल, पुसा आधी. मग पट्टा बघा, चामड्याचा आहे का?

रामबागकर | शनिवार, रात्री ९:१५

हो, चामड्याचा. वाळलाय पार.

महूकर | शनिवार, रात्री ९:१८

मग तोच बोलतोय. सकाळी फोटो टाका, चढला तर.